भैरहव्याच्या मैदानावरची मोहफुलं

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. कुणाला पिंपळावर काही दिसतं, कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई हात दाखवते... आमच्या घरात छप्पन सालापासून देव नाही, अंगात येणं नाही, उतारा नाही, लिंबू-मिरची नाही. पुढे मी जन्मभर विजेची मीटरं तपासली. तेव्हा माझ्याकडून भुताची गोष्ट मिळणार नाही, आणि ही भुताची नाहीच. यातली सगळी माणसं तेव्हा जिवंत होती, आणि घडलं ते सकाळच्या लख्ख उन्हात, दोन-तीनशे लोकांसमोर.

साल चौऱ्याऐंशी की पंच्याऐंशी. गोंडपिपरीच्या अलीकडे आमचं गाव — चहूकडे जंगल, मध्ये शाळा आणि शाळेमागे ग्राउंड. आमची फुटबॉलची टीम जिल्ह्यात नावाजलेली. पी.टी.च्या सरांनी (त्यांना ठोंबरे म्हणू, खरं नाव लिहीत नाही) कुठून कुठून ओळखी लावून नेपाळची ट्रिप ठरवली. दिवाळीच्या सुट्टीत भैरहव्याला तीन मॅचेस, मग लुंबिनी, मग पोखरा. पासपोर्ट लागत नव्हता, पण परदेश तो परदेश! आम्ही तर नागपूरसुद्धा न पाहिलेली पोरं. मी गोलकीपर होतो.

मला वाढवलं आत्यानं. रेवताबाई नाव. विधवा, तोंडाची फटकळ, विहारात पहिल्या रांगेत बसणारी. लुंबिनीचं नाव ऐकलं आणि दोन दिवस ती गावभर सांगत सुटली, "माहा सुध्या बुद्धाच्या गावाले जाऊन राह्यला!" मला म्हणाली, "मले तिथची चिमूटभर माती आन रे. मी मेली का कपाळाले लावजो." ट्रिपचं मला जेवढं वेड होतं, त्याच्या दुप्पट तिला त्या मातीचं.

ग्राउंडच्या एका कोपऱ्याशी तिचं मोहाचं झाड होतं. कागदावर तिचं नाव नव्हतं, पण आमच्याकडे कोणता मोह कुणी वेचायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, आणि कुणी त्यात हात घालत नाही. फाल्गुन लागला की ती उजाडायच्या आधी टोपलं घेऊन झाडाखाली हजर. ऊन चढेपर्यंत वेचायचं, नाहीतर गुरं येऊन खाऊन टाकतात. उन्हाळ्यातलं आमचं निम्मं घर त्या झाडावर चालायचं.

ठोंबरे सर म्हणाले, नेपाळात फुल साइज ग्राउंड असतं, या झाडानं आपला कॉर्नर खाल्लाय, ते तोडू. मग मला बाजूला घेतलं. "सुधाकर, झाड तुह्या आत्याचं होये ना? मंग पहिला घाव तू घाल. गावाची तोंडं बंद होतात. नाई तं मी दुसरा कीपर पाहतो."

मी घातला. सोळा वर्षांचा होतो, हे कारण स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलंय, पटत नाही. बाकीच्या दहा जणांनी आळीपाळीने कुऱ्हाड चालवली आणि संध्याकाळी झाड आडवं झालं. ओंडके बैलगाडीतून सरांच्या गावी गेले, त्यांच्या नव्या गोठ्यासाठी. ग्राउंड होतं तेवढंच राहिलं, कारण बुंधा काढायला कुणाला सवड झाली नाही. तेव्हा मला कळलं की कॉर्नर हा नुसता बहाणा होता.

आत्या रडली नाही, भांडली नाही. फक्त माझ्याशी बोलणं बंद केलं. ताट वाढायची आणि समोर सरकवायची. निघायच्या दिवशी ती एसटीपाशी आली. मला वाटलं, मातीची आठवण करून द्यायला आली असेल. तिनं माझ्याकडे वेगळं असं पाहिलंसुद्धा नाही. आम्हा अकरा जणांवरून आणि सरांवरून नजर फिरवली.

"जा बाप्पा. पर माह्या झाडाची फुलं येचल्याबिगर सुटका नाई तुमची. येकाचीबी नाई."

पोट्टे हसले. सर म्हणाले, "बाई, कार्तिकात कुठचा आला मोह?" आणि एसटी सुटली.

गाड्या बदलत गोरखपूर, तिथून सीमेपलीकडे भैरहवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पहिली मॅच, तिथल्या एका शाळेच्या टीमशी. पहिल्या हाफमध्ये आम्ही एक गोल केला. दुसरा हाफ सुरू होऊन दहाएक मिनिटं झाली असतील. आमचा दिवाकर बॉल घेऊन एकटा सुटला, समोर फक्त त्यांचा कीपर... आणि हा थांबला. उकिडवा बसला. जर्सीचा पुढचा भाग ओटीसारखा धरला आणि गवतातून काहीतरी वेचायला लागला.

मी गोलमधून शिव्या घातल्या. तेवढ्यात आमचा लेफ्ट बॅक बसला. मग दोघे, मग चौघे. मग माझ्या पायाशी पाहिलं तर गोलपोस्टासमोरचं सगळं गवत मोहफुलांनी भरलेलं! टपोरी, फिकट पिवळी, दवानं ओली. तो गोडसर उग्र वास. मला भीती वाटली नाही. एवढंच वाटलं की ऊन चढतंय, गुरं येतील, वेच लवकर. आणि दुसरं एक, जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — माझ्या बोटांत संताप होता. फूल उचलताना दात आवळले जात होते. तो संताप माझा नव्हता, पण ओळखीचा होता. बिनबोलता समोर सरकवलेल्या ताटात तो मी कितीदा पाहिला होता.

रेफ्री शिट्टी फुंकत होता. बॉल माझ्या बाजूने गोलमध्ये गेला, मी मान वर केली नाही. लोक हसले. मग कडेचा एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "अरे, ये लड़के तो महुआ बीन रहे हैं!" त्या भागातही मोह असतो. आमचे हात बघूनच त्यानं ओळखलं.

सात-आठ मिनिटं हे चाललं म्हणे. मग अकराही जण एकदम थांबलो. जर्सीत पाहिलं तर गवताच्या काड्या. बोटं मात्र चिकट होती.

तिथल्या मास्तरांनी ठरवलं की पोरं दारू पिऊन आली आहेत. उरलेल्या मॅचेस रद्द. सरांनी आम्हाला ओळीत उभं करून एकेकाला थोबाडलं आणि शिक्षा म्हणून फिरणंही रद्द केलं. लुंबिनी तिथून फार तर तासाभराच्या रस्त्यावर. मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, सर, मला एकट्याला जाऊन येऊ द्या, आत्यासाठी माती आणायची आहे, तेवढी आणली तर ती बोलेल माझ्याशी. सर म्हणाले, "दारुड्याले कायची माती?" त्याच संध्याकाळी आम्ही परत फिरलो.

घरी आलो तेव्हा आत्या अंगण सारवत होती. मी रिकाम्या हातानं उभा. तीच पहिल्यांदा बोलली.

"अकराई जनायनं येचली?"

"हो."

"अन् मास्तरनं?"

"ते बाहेर उभे होते."

"मंग त्याचं राह्यलं," ती म्हणाली आणि हात धुऊन मला जेवायला वाढलं. मातीचं तिनं विचारलं नाही, कधीच नाही.

पुढच्या फाल्गुनात शाळेची प्रार्थना चालू असताना ठोंबरे सर सगळ्या शाळेसमोर उकिडवे बसले आणि वेचायला लागले. हंगाम संपेपर्यंत रोज सकाळी. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. डॉक्टर झाले, नागपूर झालं. त्यांच्या बायकोनं मला गाठलं. "भाऊ, तुमच्या आत्याले माह्याकडून हात जोडा. आता पुरे म्हणा." मी हो म्हटलं. आत्याला सांगितलं नाही.

काही वर्षांनी आत्या गेली. तिच्या कपाळाला लावायला माझ्याकडे काही नव्हतं.

गेल्या फाल्गुनात एका लग्नासाठी वडशाला गेलो होतो. सर आता तिथेच राहतात. सकाळीच त्यांच्या घरी गेलो, तर हे फरशीच्या अंगणात उकिडवे. ऐंशीला टेकलेला माणूस, गुडघे गेलेले, लुंगीची ओटी धरून रिकाम्या फरशीवरून एकेक वेचत होता. सरांच्या बाईंनी चहा दिला. म्हणाल्या, "रेवताबाई जाऊन इतके वर्ष झाले. आता कोनाचा राग राह्यला, भाऊ?"

मी चहा संपवला आणि निघालो. भैरहव्याला काय झालं, दर फाल्गुनात काय होतं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि कुणी दिलं तर पटेलसं वाटत नाही. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला येत होतं. माझा.