दसऱ्याला पुजलेला खेळ

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. दोन वर्षांपासून कॉलेजला जात नाही, उंबरा ओलांडत नाही, बोलत नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या घेते, पण जेवत नाही. फक्त खेळताना जेवायची. हातात तो जपानी खेळ असला की तिचं तोंड आपोआप उघडायचं आणि मी घास भरवायची. माशाचे काटे आधीच काढून ठेवायची, कारण तिचं लक्ष नसायचं.

खेळ म्हणजे दोन पडद्यांची, घडी होणारी डबी. वरच्या पडद्यावर भुलवणाऱ्या वाटा आणि त्यांतून फिरणारी माणसं. खालच्या पडद्यावर तिने बारीक काडीने स्वतः काढलेला नकाशा. भिंत दिसली की एक रेघ. मी शेजारी बसून बघायची. एकदा ती म्हणाली, "आई, हे दोन वेगळ्या खेळांतले लोक आहेत. एकमेकांना ओळखत पण नव्हते. इथे अडकलेत म्हणून एकत्र आलेत."

"मग सुटतील ना?"

"नकाशा पुरा झाला की."

वर्षभरात ती एवढं कधी बोलली नव्हती.

नवरा रबाळ्याच्या कारखान्यातून आला की आम्हाला असं बसलेलं बघायचा. "एवढी मोठी पोरगी, आनि तू घास भरव," म्हणायचा. "दसऱ्याला त्या डबीचीच पूजा कर. देव झालाय तो तुमचा."

तो चिडून बोलला. मी ते मनात धरलं.

दसऱ्याला आमच्या बोनकोड्याच्या घरी माझी मासे कापायची कोयती, तराजू आणि नवऱ्याचे नट आवळायचे पाने पाटावर मांडतो. जे आपल्याला जेवू घालतं त्याची पूजा. माझ्या मुलीला कोण जेवू घालत होतं?

ती अंघोळीला गेली तेव्हा मी डबी उचलली. उघडून पाटावर ठेवली. दोन्ही पडद्यांना ओलं हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि फुलानेच तांब्यातलं पाणी शिंपडलं, कोयतीवर शिंपडलं तसंच.

ती आली. झेंडू बाजूला काढला, ओढणीने डबी पुसली, बटण दाबलं. उजेड आला आणि गेला. परत दाबलं. परत. ओरडली असती तर बरं झालं असतं. भिंतीकडे तोंड करून झोपली.

कोपरखैरण्याच्या दुकानदाराने डबी खोलली. "मावशी, आत हळद कशी गेली?"

मी पदर तोंडाला लावून उभी राहिले.

"याचे पार्ट आता येत नाहीत. कार्ड पण गेलंय. खेळलेलं काही मिळणार नाही."

तीन दिवस झाले. पाण्याशिवाय पोटात काही नाही. घास ओठांना लावला तर भात उशीवर सांडतो. नवरा उंबऱ्यात बसून राहतो, आत येत नाही. काल म्हणाला, "मीच बोल्लो होतो ना तुला." उद्या तिला दवाखान्यात सलाईन लावायला न्यायचं आहे. उचलून न्यावं लागेल.

आज मी चौकटींची वही आणली. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण रांगोळीचे ठिपके मी विसरत नाही. वर्षभर बघितलेल्या भिंती आठवून एकेक रेघ काढली. वही तिच्या डोळ्यांसमोर धरून ठेवली. हात भरून आला तरी धरली.

शेवटी ती म्हणाली, "इथे दार होतं."

मी पेन्सिल तिच्या बोटांत कोंबली. तिने भिंत खोडली, दार काढलं. मी घास पुढे केला. तोंड उघडलं नाही. पेन्सिल खाली पडली आणि ती परत भिंतीकडे वळली.

ताट अजून मांडीवर आहे. वहीच्या मागच्या पानावर हे लिहिते आहे. आता पान उलटून पुढची भिंत काढीन, मुद्दाम चुकीची.