पांढरा शेंडा

मुळशीच्या कोंडाबाईने जन्मभर भाताची लावणी केली आणि म्हातारपणी पुण्याजवळच्या नांदे गावात एकट्या राहणाऱ्या हेमलताकडे धुणंभांडी धरली. हेमलताच्या फिशटँकमध्ये हिरव्या-पांढऱ्या पानांचं झाड होतं. त्याचे शेंडे खुडून वाळूत खोचले की नवी रोपं धरायची. हेमलता पडली कॉम्प्युटरवाली, ती कुठंही खोचायची. मग कोंडाबाई चिडून सगळे उपटायची आणि चार-चार बोटांवर, सरळ ओळीत लावायची. एखादा शेंडा नुसता पांढराफटक निघे. हेमलताला तोच आवडे, आणि कोंडाबाई नेमका तोच ओट्यावर काढून टाकायची.

"ह्यो जगत न्हाई, ताई. उगा जीव लावू नका."

श्रावणात कोंडाबाई तापाने गेली. तेराव्याला हेमलता मुळशीला जाऊन आली. निघण्याआधी सकाळी खुडलेले शेंडे, त्यांत एक पांढराही, तिने घाईत पाण्यावर तसेच तरंगत सोडले होते.

संध्याकाळी तिने कुलूप काढलं. शेंडे वाळूत उभे होते, चार-चार बोटांवर, सरळ ओळीत. प्रत्येकाच्या बुडाशी अंगठ्याने दाबल्याची खूण होती.

पांढरा शेंडा तेवढा त्यांत नव्हता. तो ओट्यावर पडला होता आणि त्याचं पाणी अजून ओघळत होतं.