भिंतीवरच्या पदव्या

मी मानसोपचार करते. परवा एक निवृत्त शिक्षक माझ्या क्लिनिकमध्ये पहिल्यांदाच आले आणि बसायच्या आधी त्यांनी भिंतीवरच्या माझ्या तिन्ही पदव्या नीट वाचल्या. त्यांच्या मुलीनं वर्षापूर्वी जीव दिला होता.

"मॅडम, तुम्ही एवढं शिकलात. मग सांगा, त्या सकाळी ती माझ्यासमोर बसून चहा प्यायली, तरी मला काहीच कसं कळलं नाही?"

माझा धाकटा भाऊ असाच गेला, तेव्हा यातल्या दोन पदव्या माझ्याकडे होत्या. आपल्या माणसाकडे आपण शिकल्या डोळ्यांनी बघतच नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही.

"कधीकधी नाही कळत, सर," एवढंच म्हटलं.

"मग पुढच्या मंगळवारी मी कशाला येऊ?"

मी डायरीत मंगळवारची त्यांची वेळ लिहिली. म्हटलं, "या."