सरांचा आजवरचा संघ

माझ्या वडिलांना नवा माणूस भेटला की ते आधी त्याला मनातल्या मनात बास्केटबॉलच्या मैदानावर उभा करून बघत. लग्नाच्या पंगतीत वाढणारा एखादा मुलगा माणसं चुकवत भराभर पुढे गेला की ते ताटावरून मान वर करून म्हणत, "याले गार्डले टाकला पाह्यजे." बँकेतल्या धिप्पाड साहेबांसमोर बसून त्यांनी एकदा कागदावर सही करायची सोडून साहेबांची उंची विचारली होती. भद्रावतीच्या आमच्या कॉलनीत त्यांना सगळे सर म्हणत. शाळेत ते कधी शिकवायला नव्हते, नोकरी फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये. पण ड्यूटी सुटली की गळ्यात शिट्टी अडकवून ते बास्केटबॉलच्या सिमेंटच्या मैदानावर हजर असत. मुलींचा संघ त्यांनीच उभा केला आणि निवृत्तीनंतरही तोच त्यांचा संसार राहिला. मीही त्यांना सरच म्हणायची. मैदानावर बाबा म्हटलं की ते ऐकू न आल्यासारखं करत, त्यामुळे पुढे घरीही तोंडात सरच बसलं.

त्यांचा आवडता उद्योग म्हणजे आजवरचा संघ निवडणं. भद्रावतीकडून जितक्या मुली खेळल्या, त्या सगळ्यांतून सर्वांत चांगल्या पाच. कॉलनीत त्याला 'सरची फाइव्ह' म्हणत. बसस्टँडजवळच्या टपरीवर चहा यायच्या आत हा संघ मांडला जाई आणि चहा संपेपर्यंत मोडला जाई. क्लबचे सेक्रेटरी हनीफभाऊ, ज्यांचं मेन रोडवर चपलांचं दुकान आहे, ते सरांचे कायमचे विरोधक. सेंटरला रेल्वेत लागलेली जेसिंता घ्यायची की पोलिसात गेलेली भारती, यावरून दोघांचा अबोला होई. मग न बोलता वाद घालता येत नाही म्हणून पुन्हा बोलणं सुरू होई. चार जागा अशा सतत हलत राहायच्या. गार्डची, म्हणजे बॉल खेळवत पुढे आणणारीची, जागा मात्र कधी हलली नाही. तिथे वनिता. तिच्याबद्दल हनीफभाऊही वाद घालत नसत.

वनिता सिंदेवाहीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची, गोंडाच्या घरची. सर शालेय खो-खोच्या सामन्यांना पंच म्हणून सिंदेवाहीला गेले होते, तिथे त्यांना ती दिसली. सामने संपल्यावर ते तिच्या शिक्षकांना घेऊन थेट तिच्या गावी गेले आणि तिच्या वडिलांच्या अंगणात बसले. पोरीला माझ्या घरी पाठवा, ती शिकेल, खेळेल, असं त्यांनी सांगितलं. वडिलांनी बराच वेळ ऐकून घेऊन एवढंच विचारलं, "परत कोण आणून देईन?" सर म्हणाले, मी. आणि बारावी होईपर्यंत प्रत्येक सुट्टीत तिला एसटीने पोचवायला आणि परत आणायला ते स्वतः गेले.

ती माझ्याच खोलीत राहिली. माझ्याच वयाची होती. चिडली की गोंडीत बोलायची आणि मी अर्थ विचारला की हटकून खोटा सांगायची. बॉल तिच्या हातात आला की समोरच्या मुलींची घाई होई आणि ती मात्र सावकाश होत जाई. हे ती कसं करते ते मला इतकी वर्षं बघूनही कळलं नाही, आणि बघायला मला भरपूर वेळ होता, कारण मी बेंचवर होते.

मीही गार्डच. अगदीच वाईट खेळत नव्हते. पण "बॉलले बाप नसते" हे सरांचं ठरलेलं वाक्य होतं. मुलीची शिफारस घेऊन आलेल्या आईबापांना ते हे वाक्य ऐकवत, आणि ते खरं करून दाखवायला त्यांच्याकडे मी होते. इतर बदली मुली अधूनमधून मैदानात जात. माझी पाळी आली की सर दुसरीकडे बघत. पोरगी म्हणून खेळवली असं कुणी म्हणू नये, ही त्यांची धास्ती. आई कधीतरी चिडून म्हणायची, "एकदा तरी उतरवा ना तिले." सरांचं उत्तर एकच असे, की मैदानावर मला पोरगी नाही.

चंद्रपूरला आम्ही एकदा मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचलो. सामना अर्ध्यातच आमच्या खिशात आला होता. सरांनी एकेक करून सगळ्या बदली मुली मैदानात उतरवल्या आणि बेंचवर मी एकटी राहिले. आई त्या दिवशी पहिल्यांदाच सामना बघायला आली होती, डबाभर पुऱ्या घेऊन. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा माझ्या अंगावरचं जॅकेटसुद्धा निघालं नव्हतं. परतीच्या एसटीत आईने सगळ्या मुलींना पुऱ्या वाटल्या, सरांनाही दिल्या. फक्त पुरी हातात देताना तिने त्यांच्याकडे बघितलं.

पुढे वनिता वनरक्षक झाली, सिंदेवाहीकडेच तिचं लग्न झालं. मी भद्रावतीतच शाळेत गणित शिकवू लागले. आई गेली. सरांच्या गळ्यातली शिट्टी तेवढी राहिली.

गेल्या हिवाळ्यात क्लबच्या मैदानाला नवं सिमेंट झालं आणि हनीफभाऊंनी सगळ्या जुन्या खेळाडूंना बोलावलं. सरांनी स्टेजवरून आजवरचा संघ जाहीर करायचा आणि प्रत्येकीला जर्सी द्यायची, असं ठरलं. वनिता नवऱ्याबरोबर आली. जांभळी नवी साडी आणि त्याखाली खेळायचे बूट. भाषणं झाल्यावर थोडं खेळूया म्हणून बूट घातलेत, असं तिने मला हसत सांगितलं. आम्ही जवळजवळच बसलो होतो.

सरांनी चार नावं घेतली. टाळ्या झाल्या, चौघी वर गेल्या. मग सर थांबले. गार्ड, असं म्हणाले आणि पुन्हा थांबले. वनिता खुर्चीवरून उठली होती, पदर सारखा करत होती. आणि सरांनी माझं नाव घेतलं.

मंडपातल्या माना वनिताकडे वळल्या. वनिता तशीच अर्धवट उभी होती. मग ती खाली बसली आणि तिनेच पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. तिच्या मागून सगळ्यांनी वाजवल्या. मी जायला नको होतं. पण स्टेजवर सर हात पुढे करून उभे होते, आणि इतक्या लोकांसमोर तो हात रिकामा ठेवायची माझी छाती झाली नाही. मी गेले. हनीफभाऊंनी माझ्याकडे न बघता जर्सी सरांच्या हातात दिली आणि सरांनी मला. चष्मा त्यांच्या खिशात होता, आणि त्याच्याशिवाय त्यांना जवळचं दिसत नसे. मला दिसलं. जर्सीच्या पाठीवर वनिताचं नाव छापलेलं होतं. गार्ड कोण, हे विचारायची हनीफभाऊंना गरजच वाटली नव्हती.

मी नाव आतल्या बाजूला घेऊन जर्सीची घडी केली आणि फोटो निघेपर्यंत ती छातीशी धरून उभी राहिले. खाली उतरले तेव्हा वनिताची खुर्ची रिकामी होती. शेवटची बस निघेल म्हणून ते दोघे गेले, असं कुणीतरी सांगितलं.

घरी आल्यावर मी सरांना विचारलं, असं का केलं. ते पलंगाच्या कडेला बसले आणि कितीतरी वेळ बुटांच्या नाड्या सोडत राहिले.

"तुह्या आईनं त्या दिवशी एसटीत माह्याकडे पाह्यलं होतं," ते म्हणाले. "तिले काहीतरी देणं राह्यलं होतं माह्यं."

"पण सर, मी तेवढी चांगली नव्हते."

"मले माहीत आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते टपरीवर गेले नाहीत. शिट्टी खिळ्याला लटकली. हनीफभाऊ दोनदा येऊन बसले आणि हवापाण्याच्या गप्पा मारून गेले. त्या दोघांमध्ये हवापाण्याच्या गप्पा मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. कॉलनीत कुजबुज होती की सरांना आता आठवत नाही, वय झालं. लोक शाळेत मला सहानुभूतीने विचारत, औषध सुरू केलं का. मी हो-नाही काही न म्हणता वर्गात निघून जाई. ते खोटं मला सोयीचं वाटत होतं आणि त्याचीही लाज वाटत होती.

एका सकाळी सर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊन बसले आणि म्हणाले, वनिताकडे जायचं. चंद्रपूर, मूल, सिंदेवाही अशी गावं घेत आमचा प्रवास झाला. पिशवीत ती जर्सी होती. एसटीत त्यांचे ओठ हलत होते. काय बोलायचं याची ते तयारी करत असावेत.

वनिता नुकतीच जंगलातली फेरी करून आली होती, अंगावर खाकी वर्दी. तिने खाट टाकली, पाणी आणलं. सर बसलेच नाहीत. बसमध्ये जमवलेलं सगळं कुठे गेलं कुणास ठाऊक. त्यांनी पिशवीतून जर्सी काढून तिच्या हातात ठेवली, हात जोडले आणि म्हणाले, "बाई, माह्याकडून अन्याय झाला."

पोर म्हणून वाढवलेल्या मुलीला त्यांनी बाई म्हटलं, ते मला बघवेना. वनिताने त्यांचे हात धरून खाली केले आणि त्यांना खाटेवर बसवलं. नाही नाही, काही झालं नाही, असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मले राग आला होता सर. वापस येताना बसमध्ये मी रडली. नवऱ्यानं विचारलं तं त्याले सांगतलं, सरले आता याद राहत नाई. सगळ्यांले तेच सांगून राह्यली मी. तुमचं नाव खराब होऊ नये म्हून."

म्हणजे ती कुजबुज तिच्याकडून सुरू झाली होती. सर मान खाली घालून ऐकत होते.

"मले सगळं याद आहे," ते म्हणाले. "सांग लोकाईले. मी जाणून केलं."

वनिताने माझ्याकडे हात केला. "मंग चंद्रपूरले हिले काऊन नाई खेळवलं? मी तुम्हाले म्हटलं होतं, मले काढा आन् हिले टाका. तुम्ही मले रागावले."

मला हे ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत ना तिने सांगितलं, ना त्यांनी. सर चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसले. वनिताने भात टाकला, आम्ही तिघं जेवलो, आणि जेवताना तिने त्यांना आग्रह करकरून वाढलं. तिचा राग तेवढ्याने गेला असं मला वाटलं नाही, पण ती वाढत राहिली.

परत आल्यावर पहिल्या रविवारी सर मैदानावर गेले. हनीफभाऊ होते, जुन्या काही जणी होत्या, सरावाला आलेल्या मुली होत्या. मीही होते. सरांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना गोळा केलं. माझी याद शाबूत आहे, असं त्यांनी आधी सांगितलं. त्या दिवशी आपण जाणूनबुजून चुकीचं नाव घेतलं, गार्ड वनिताच, आणि माझी पोरगी या संघात बसत नाही. एवढं ते मोठ्या, स्वच्छ आवाजात बोलले. लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत होते. माझ्या बापाने मला चारचौघांत दुसऱ्यांदा बेंचवर बसवलं होतं, आणि त्या मंडपातल्या दुपारनंतर मी पहिल्यांदा लोकांकडे सरळ बघू शकले. सर मात्र बोलून झाल्यावर जमिनीकडेच बघत राहिले. हनीफभाऊंनी त्यांचा दंड धरून त्यांना टपरीकडे नेलं आणि रस्त्यातच जेसिंताचा विषय काढला.

सर या पोळ्याच्या आसपास गेले. झोपेतच गेले. वनिताला फोन केला तेव्हा ती ड्यूटीवर होती. वर्दीवरच निघून ती दुपारी पोचली. भाऊ नसल्यामुळे खांदा मीच देणार हे ठरलेलं होतं. दुसऱ्या बाजूला माझ्या उंचीचं कुणी हवं होतं, नाहीतर तिरडी तिरपी होते. हनीफभाऊंनी जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली आणि वनिताला पुढे बोलावलं. सरांनी आम्हा दोघींना मैदानावर कधी एकत्र उतरवलं नव्हतं. एकाच जागेवर खेळणाऱ्या दोघी एकत्र उतरवत नाहीत.

कॉलनीच्या फाटकापाशी माझा खांदा भरून आला. मला वाटलं, आता कुणाला तरी हाक मारावी लागणार, आणि या वेळीही आपणच कमी पडलो. वनिताने माझ्याकडे न बघता मोकळा हात लांबवून माझ्या बाजूचा बांबू खालून धरला.

"चाल," ती म्हणाली. "मी आहो."