काझिमिरचा खडू

...तर खडू काझिमिरच्याच हातात होता, सगळा क्लब फळ्याकडे तोंड करून बसला होता आणि पिरोगी, म्हणजे सारण भरलेल्या पोलिश करंज्या, परतणारी ट्रीस काउंटरमागून ओरडत होती, "अरे लिही की बाबा आता! पिरोगी गार होतायत." काल इथवरच आलो होतो.

पण खडू म्हणजे काय चीज, ते कळल्याशिवाय पुढं जाऊन उपयोग नाही. एरी सरोवराच्या काठच्या त्या गावात पोलाद मिल होती तेव्हा काझिमिर वोयतुलिक तिथं क्रेन चालवायचा. मिल बंद पडली, पॅरिशची, म्हणजे चर्चची, शाळा बंद पडली. शाळेचा हिरवा फळा पोलिश क्लबच्या तळघरात आला, आणि त्यावरचा खडू आला काझिमिरकडे. दर एप्रिलात अमेरिकन फुटबॉलचे संघ कॉलेजातली पोरं पाळीपाळीनं उचलतात, सात फेऱ्यांत. आपल्या संघाच्या जनरल मॅनेजरनं कोणाला उचललं हे टीव्हीवर कळलं की काझिमिर उठायचा, नाव लिहायचा आणि पुढं शेरा द्यायचा. ए म्हणजे झकास, एफ म्हणजे माती. एकतीस वर्षं. गावात महापौर बदलले, पाद्री बदलले, खडू बदलला नाही.

नियमही त्यानंच घातला होता. त्या दिवशीचा शेरा म्हणजे नुसती तोंडाची वाफ. नावं तीन वर्षं फळ्यावर तशीच ठेवायची आणि मग मोजायची. डी-एफसारखा खालचा शेरा दिलेला पोरगा संघातून गेला असेल तर शेरा बरोबर, टिकून खेळत असेल तर चूक. ए-बीसारख्या वरच्या शेऱ्याचं याच्या उलट. निम्म्याहून जास्त चुका झाल्या, की खडू दुसऱ्याच्या हाती. एकतीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती.

खडूवर डोळा होता लेनी ओरशाकचा. लेनी नळदुरुस्तीवाला, आवाज असा की पाइपातून बोलतोय. दरवर्षी तो म्हणायचा, "काझ, यंदा उतर रे गादीवरून. तुझी क्रेनसुद्धा गंजली असेल."

"क्रेन गंजली, डोळे नाही," काझिमिर म्हणायचा.

त्या शनिवारी दुपारी तीन वर्षांपूर्वीच्या सात नावांची मोजणी चालली होती. तीन बरोबर, तीन चूक. उरलं सातवं नाव, नेल्स टॉरस्टाड. डकोटाच्या गव्हाच्या मुलखातला, सातव्या फेरीत उचललेला, रांगेत उभं राहून धक्के खाणारा गडी. त्याच्यापुढं काझिमिरच्याच हस्ताक्षरात होतं, डी. आणि मॅनेजर हॉलिस ब्रँटनं गेल्या ऑगस्टात त्याला नारळ दिला होता.

म्हणजे डी बरोबर. चाराला तीन. खडू शाबूत. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. लेनीनं चरफडत सॉसेजचा तुकडा तोंडात टाकला.

आणि काझिमिर मात्र फळ्याकडे बघत उभा.

त्याचं असं झालं होतं की तीन वर्षांपूर्वी त्यानं त्या पोराला खेळताना पाहिलंच नव्हतं. टीव्हीवरच्या माणसानं सांगितलं, हात बत्तीस इंचाचे, रांगेतल्या गड्याला आखूड. काझिमिरनं तेवढ्यावर डी ठोकला आणि बिअर घ्यायला गेला. क्रेनवाल्याला ही चूक शोभणारी नव्हती. उंचावरून माणूस दिसतो तो टोपी आणि पाय एवढाच. जो पाय नीट रोवतो त्याच्या डोक्यावरून साखळी न्यायला भीती नाही, हे त्याला तीस वर्षं ठाऊक होतं. फुटबॉल बघतानाही तो चेंडू बघत नसे. पाय बघे.

गेल्या ऑगस्टात सरावाचे सामने झाले, ते त्यानं टेप करून ठेवले. टेप पुढं, मागं, पुन्हा पुढं करत तो नेल्सचे पाय बघत बसला. बायको जेनेव्हिव इस्त्री करत होती.

"नाचाचा क्लास लावलायस का या वयात?"

"जेनी, हे बघ. समोरचा रेडा अंगावर आलाय, आणि याची टाच हलली का?"

"मला काय विचारतोस? माझी मेली इस्त्री हलत नाहीय तुझ्या बडबडीनं."

टाच हलली नव्हती. तीन सामन्यांत एकदाही नाही. ब्रँटनं ठेवला होता तो दुसराच, आदल्या वर्षी पहिल्या फेरीत उचललेला. त्याची टाच दर चौथ्या डावाला जमीन सोडायची. पण पहिल्या फेरीचा पोरगा काढायचा म्हणजे आपण चुकलो हे चारचौघांत कबूल करायचं. ब्रँटला ते जमलं नाही, आणि नेल्स घरी जाऊन धान्याचा ट्रक चालवायला लागला. आता हे कधी कुणाला कळणार? ट्रक चालवणाऱ्याचे पाय टीव्हीवर दाखवत नाहीत.

काझिमिरनं बाही वर केली आणि डी पुसला.

त्यानं ठसठशीत अक्षरात लिहिलं, बी. शेजारी, ब्रँटच्या नावानं, एफ.

"ए, ए!" लेनीच उठला. "हे काय? पोराला काढलंय. नियमानं तुझा डी बरोबर आहे."

"पोराला चुकीचं काढलंय."

"ते तू कोण ठरवणार?"

"एकतीस वर्षं मीच ठरवतोय की. आजच विचारावंसं वाटलं होय तुला?"

लोक हसले. लेनीला हसू येईना. "अरे म्हाताऱ्या, बी लिहिलास तर चार चुका होतात. खडू जातो. मोजता येतं ना?"

"येतं."

"मग गप डी लिही, आणि खायला बस. मला असा फुकटचा खडू नको."

जेनेव्हिव कोपऱ्यातल्या टेबलाशी होती. मिल सुटल्यापासून हा माणूस एप्रिलची वाट कशी बघतो, ते तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ती हळूच म्हणाली, "काझ, नक्की ना?"

"टाच हलली नव्हती, जेनी."

"मग संपलं," ती म्हणाली आणि लेनीकडे वळली. "घे रे खडू. नुसता आ वासून उभा राहू नकोस, तळघरात माश्या आहेत."

काझिमिरनं हातावरची पांढरी पूड पँटला पुसली, खडू लेनीच्या तळव्यावर ठेवला आणि स्वतः त्याची बोटं मिटली. वर टीव्हीवर आपल्या संघाची त्या दिवसातली पहिली पाळी जवळ येत होती. लेनी फळ्यापाशी गेला. पाठ लोकांकडे, मान लाल. आयुष्यभर मागितलेली गोष्ट हातात आली आणि ती धरायची कशी तेच त्याला सुचेना. शेवटी तो वळला आणि त्या पाइपातल्या आवाजात, पण जरा दबकतच, म्हणाला, "आणि तू रे? तू आता काय करणार?"

काझिमिरनं खुर्ची ओढली, फळ्याच्या अगदी समोर मांडली, तीत बसला आणि ट्रीसकडून पिरोगीची बशी घेतली.

"मी? मी इथंच बसणार, पहिल्या रांगेत. तू पाय न बघता हात मोजून शेरा दिलास, की टेबलावर ग्लास आपटणार. चल, लिही."