आधी कुणाचं निघालं

बडनेऱ्याला उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं, तरी फलाट तापलेला. पुण्याच्या माणसाने उन्हाळ्याबद्दल केलेल्या सगळ्या तक्रारी इथे मुकाट्याने मागे घ्याव्यात. माझ्या हातात थर्माकोलची भलीमोठी पेटी होती. रिक्षावाल्याने ती पाहून विचारलं, "कुल्फी आनली काय, मॅडम?" मी म्हटलं, "नाही हो, रक्त न्यायला आलेय." अमरावतीचं राजापेठ येईपर्यंत तो पुन्हा एक शब्द बोलला नाही.

काम काय ते सांगून टाकते. आमच्या प्रयोगशाळेत एचआयव्हीची जनुकं वाचतात. हा विषाणू महाबिलंदर, माणसागणिक रूप बदलतो. लस करायची तर त्याचा सहसा न बदलणारा एखादा तुकडा हाती लागायला हवा, म्हणून ठिकठिकाणचे विषाणू वाचून शेजारी शेजारी ठेवायचे. गोळ्या लागू पडल्या की तो रक्तात सापडेनासा होतो. तेव्हा आजार नुकताच कळलेल्यांचं रक्त पहिल्या गोळीच्या आधी घ्यावं लागतं. माझे केस यातच पांढरे झाले आणि लस अजून कुठेही नाही. पूर्वी कुणी विचारलं की मी 'लवकरच' म्हणायचे. आता म्हणवत नाही.

राजापेठेत गिला वडा (दही-चटणीत भिजवलेला वडा) खाल्ला. नाव ऐकून नाक मुरडलं होतं, पण खाल्ल्यावर दुसरा मागवला. अमरावतीचं काम निमूट झालं. एका माणसाने हात पुढे केला आणि सुई निघेपर्यंत भिंतीकडे बघत राहिला. मी नळीवर चिठ्ठी डकवली आणि ती पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी जीपने अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. ड्रायव्हर चाक बदलेपर्यंत मी कडुनिंबाखाली पेटीवर ओढणी धरून उभी, आतला बर्फ टिकावा म्हणून. दोन्ही बाजूंना भेगाळलेली काळी जमीन आणि बांधावर पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळक्या काड्यांचे) ढीग. नजर जाईल तिथवर सावली नाही.

अकोल्याच्या एचआयव्ही केंद्रात गजाननभाऊ वाट पाहत होते. रुग्णांना आजार समजावून सांगायचं, धीर द्यायचा, हे त्यांचं काम. म्हणाले, "मॅडम, एक बाई तुमची सकाळपासून वाट पाहून राहिली. विषानू कुठून आला ते पुन्यात वाचतात, असं मी बोलून गेलो. तिनं सासूलेच घेऊन आनलं."

त्या बाईला इथे सुरेखा म्हणते. दुसऱ्या खेपेला दिवस गेले, दवाखान्यात रक्त तपासलं, त्यात आजार निघाला. मग नवऱ्याचं तपासलं, त्यालाही निघाला. चार वर्षांच्या मुलाला मात्र नाही. सासरच्यांनी मुलगा ठेवून घेतला आणि हिला तेल्हाऱ्याला भावाकडे धाडलं. गोळ्या अजून सुरू व्हायच्या होत्या. तिला मुलगा परत हवा होता. बाकी कशाबद्दल ती बोलतच नव्हती.

सासूबाई बाकावर ताठ बसल्या होत्या. "पहिले हिचं निघालं, आमच्या पोराचं मांगून (नंतर). जिचं पहिले निघालं तिनंच आनलं. यात वाचाचं काय हाय?"

मी समजावलं. गरोदरपणी बाईचं रक्त तपासतातच, धडधाकट पुरुषाचं कोण तपासतं? म्हणून घरोघरी आधी बाईचं निघतं. आधी कळलं म्हणजे आधी झालं, असं नसतं.

"मंग तुमीच सांगा, कोनं आनला?"

सुरेखा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी खरं तेच सांगितलं, की दोघांचे विषाणू एकमेकांच्या किती जवळचे आहेत ते कळेल, पण कुणाकडून कुणाकडे गेला ते खात्रीने सांगता येणार नाही.

"म्हंजे हिनं नाही आनला, असं तुमी म्हनत नाही."

"तुमच्या मुलाने नाही आणला, असंही म्हणत नाही."

माझं हे वाक्य त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सासूबाईंबरोबर आलेला नवरा दाराशी उभा राहून मोबाइलचं कव्हर नखाने खरवडत होता. माझं डोकं फिरलं. मी सरळ विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

"मले काय मालूम," तो म्हणाला.

सासूबाई उठल्या. "पोट्टं (पोरगं) आमच्यापाशीच राहीन." दोघं निघून गेली. सुरेखा रडली नाही. तिने बाही वर सरकवली आणि हात पुढे केला. गजाननभाऊ म्हणाले, "ताई, नाही देल्लं तरी चालते. गोळ्या तुले मिळतीनच."

"घ्या," ती मला म्हणाली. "इतक्या लांबून आल्या, खाली हात कशा जासान?"

वऱ्हाडात पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, हे मी ऐकून होते. ते असं अनुभवायचं नव्हतं मला.

तेल्हाऱ्याला माझंही काम होतं, म्हणून तिला जीपमध्ये घेतलं. उत्तरेला सातपुडा धुरकट दिसत होता. तिने विचारलं, "लस कवा येईन?"

"माहीत नाही. इतक्यात नाही."

"मंग तुमी काहून हिंडून राहिल्या?"

मी विषाणूच्या रूपांबद्दल काहीबाही बोलले. तिने मान हलवली.

भावाच्या घरी वरण-रोडगे (निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे) होते. तिचं ताट चुलीपासून लांब, एका कोपऱ्यात. एकत्र जेवल्याने हा आजार होत नाही, असं मी तिच्या वहिनीला दोनदा सांगितलं. "व्हय, मॅडम," वहिनी म्हणाली आणि ताट होतं तिथेच वाढलं. रोडगे चवदार होते, मी दुसरा मागितला नाही.

पुण्याला परतले. उन्हाळा सरता सरता वाचन हाती आलं. सुरेखाचा विषाणू पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत स्वच्छ वाचता आला, असं फार क्वचित होतं. बैठकीत आमचे प्रमुख म्हणाले, "असेच नमुने आणा." सगळे खूश होते. आपण रिकाम्या हाताने गेलो आणि भरल्या हाताने आलो, एवढंच मला कळत होतं. लस कधी आलीच तर तिच्यात या बाईचाही वाटा असेल, असं मनाची समजूत घालायला म्हणून पाहिलं. जमलं नाही.

बैठकीनंतर गजाननभाऊंना फोन केला. म्हणाले, सुरेखा गोळ्या नेमाने घेतेय, पोटातलं बाळ ठीक आहे. मी मुलाचं विचारलं.

"गेलती सासरी पोराले पाहाले. तिनं हात पुढं केला त ते मांगं सरकलं. म्हने, आजी म्हनते, तुले शिवलो त मी मरीन."