वरची फळी धरू नको

आमच्याकडे कामावर जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. शारजाच्या विमानतळावर मालाच्या शेडमध्ये मी लोडर आहे. विमानापाशी फोन चालत नाही. त्यामुळे घरची कुठलीही बातमी मला शिफ्ट सुटल्यावरच कळते, आणि लॉकरची किल्ली फिरवताना रोज वाटतं, आज काहीतरी असणार. मूळचा स्वभावच घाबरट. रोज काही नसतं, तरी वाटतं. त्या दुपारी मात्र होतं. पेणच्या मावशीच्या घरून कॉलवर कॉल येऊन गेलेले. मी उभ्या उभ्याच उलटा फोन लावला. तात्यांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, उचलला. "सुन्या... अवी राहिला नाय," एवढंच म्हणाले आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. बरेच दिवस अंगात ताप होता, लेप्टो निघाला, पावसाच्या साचलेल्या पाण्यातून होतो तो, पनवेलला हलवलं तोवर किडन्या बंद पडल्या होत्या, असं तो माणूस सांगत होता. मी नुसता हूं हूं करत राहिलो. मी पोचेपर्यंत कुणी थांबणार नव्हतं, आणि रजा तर मिळालीच नाही.

अवीदादा माझा मावसभाऊ. मालवाहू विमानं उडवणाऱ्या एका कंपनीने त्याला पायलट म्हणून निवडलं होतं. निवडलं, पण बोलावलं नाही. या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत त्याची शेवटची वर्षं गेली. पेणमध्ये त्याला ओळखणारे पुष्कळ आहेत, पण बहुतेकांना तो 'विमानवाला, जो कधी गेलाच नाही' एवढाच ठाऊक. म्हणून हे लिहायला बसलो. मला लिहायची सवय नाही, शाळा नववीत सुटली. पण आज जी भाकरी खातो ती त्याच्यामुळे, आणि हे कुठेतरी छापून यावं असं वाटतं.

माझं गाव रोह्याच्या आत. भात निघालं की वाल पेरायचे, वाल निघाले की पावसाची वाट बघायची, एवढाच उद्योग. शाळा सुटल्यावर बाबांनी मला मावशीकडे पेणला धाडलं. तात्यांचा गणपतीचा कारखाना आहे. पेणला कारखानाच म्हणतात, मग तो पत्र्याच्या दोन शेडचा का असेना. दादा तेव्हा विमान शिकून नुकताच परत आला होता. वडखळजवळची त्यांची जमीन हायवे रुंद करताना गेली, तिच्या पैशात तात्यांनी त्याला शिकवलं. भावकीत कुणी म्हणालं, जमीन उडवली. तात्या म्हणाले, "मंग काय, उडवायलाच दिली."

त्या कारखान्यात एक रिवाज आहे, तो सांगितल्याशिवाय दादा कळायचा नाही. मूर्ती घासणं, रंगवणं कुणीही करावं, पण डोळ्यांची आखणी एका हाताची. एका फळीवरचे सगळे गणपती एकाच माणसाने आखायचे. ज्याने पहिला डोळा काढला त्यानेच त्या फळीचा शेवटचा डोळा काढायचा. मध्ये हात बदलला की नजर बदलते. गिऱ्हाइकाला नाय कळत, पण गणपतीला कळतं, असं तात्या म्हणत. आणि दादाचा हात त्या घरात सगळ्यात चांगला. शाळेत असल्यापासून तो डोळे काढायचा. त्याने काढलेला गणपती शेडमध्ये कुठेही उभं राहिलं तरी आपल्याकडेच बघतो असं वाटायचं. मला तर त्या नजरेची सुरुवातीला भीती वाटायची.

पण कंपनीत निवड झाली त्या वर्षापासून त्याने आखणीचा ब्रश हातात घेतला नाही. होळीनंतर तात्या कामं वाटायला बसले की तो म्हणायचा, "तात्या, मला धरू नका यंदा." बोलावणं कधीही येईल, अर्धी फळी टाकून कसा जाऊ, असा त्याचा हिशेब. तात्या म्हणायचे, "बरं, नाय धरत." मग तो पॉलिश पेपरने मूर्ती घासायचा, पेंढा भरून खोकी बांधायचा, टेम्पोत चढवायचा, मधेच सोडून जाता येईल असं कुठलंही काम करायचा. तात्यांची नजर उतरत चालली होती तरी आखणीला तेच बसायचे. दादाचा तो बारीक ब्रश मात्र दर वर्षी धुऊन, टोक नीट करून, पेल्यात उभा करून ठेवायचे. 

शेडच्या मागच्या खोलीत दादाने भिंतीवर कॉकपिटचं मोठं पोस्टर लावलं होतं. खरोखरच्या विमानात जिथे जे बटण, तिथे ते. समोर प्लास्टिकची खुर्ची. रोज संध्याकाळी हातपाय धुऊन तो त्या खुर्चीत बसायचा आणि शेजारच्या स्टुलावर मला बसवायचा. मी इंग्रजीतली यादी वाचायची, त्याने पोस्टरवरच्या त्या त्या ठिकाणी हात न्यायचा आणि उत्तर द्यायचं. मला धड वाचता यायचं नाही. मी अडखळलो की तो विमान तिथेच थांबवायचा, शब्द फोडून सांगायचा, आणि मग पुढे. मावशी चहा घेऊन दारात यायची आणि विचारायची, "उतरलं काय तुमचं? च्या थंड होतोय." आम्ही दोघेही अंगावर शाडूची धूळ घेऊन आकाशात असायचो...

कंपनीवाले आधी दिवाळीनंतर बोलावतो म्हणाले. मग कळलं की कंपनी जुनी विमानं काढून टाकणार आहे. दादा शिकला होता तो जुन्या विमानांवर. त्यांच्या जागी दुसऱ्या जातीची येणार होती. आधी माणसं घेऊन उडालेली, आता खिडक्या बुजवून, बाजूला मोठं दार पाडून मालाची केलेली. हे काम परदेशात व्हायचं आणि तिथेही रांग. आली की आधी नोकरीत असलेल्या पायलटना त्यांच्यावर शिकवणार, मग निवडून ठेवलेल्यांचा विचार. दादाने हे सगळं मला खोकी बांधता बांधता समजावून सांगितलं, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतोय. दुसऱ्या दिवशी त्याने नव्या विमानाचं पोस्टर आणून जुन्यावरच चिकटवलं. ते थोडं लहान निघालं. जुन्याच्या कडा चारी बाजूंनी दिसत राहिल्या. "हात जुन्या जागीच जातो रे सुन्या," म्हणून हसायचा, आणि परत पहिल्यापासून सुरू करायचा.

लोक बोलायचेच. शेजारच्या काकी कुंपणावरून मावशीला विचारायच्या, "काय गो, तुजं विमान अजून अंगणातच?" पनवेलकडे नवा विमानतळ व्हायला लागला तेव्हा नाक्यावरचे म्हणाले, विमानतळ तुझ्या दारात आला अवी, आता चालतच जा. डोलवीच्या स्टीलच्या कंपनीत चिकटवतो, आमचा ठेकेदार ओळखीचा आहे, असं तर नात्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी सांगितलं. तो कुणालाच उलटून बोलला नाही. मावशीने लग्नाचा विषय काढला तेव्हा मात्र म्हणाला, "आई, कंपनीने एकाला वाट बघायला लावलीय तेवढी बस."

त्या काळात तो शरीराला काचेसारखा जपायचा. दर वर्षी सरकारी मेडिकल द्यावी लागे, त्यात नापास झालं की संपलं. गाडीवरचं काही खायचा नाही. पावसात शेडमध्ये गुडघाभर पाणी शिरलं की आम्ही तसेच उतरायचो आणि हा गमबूट शोधत बसायचा. आम्ही चिडवायचो. साधी शिंक आली तरी डॉक्टरकडे. धुळीने डोळे बिघडतील म्हणून मूर्ती घासताना चष्मा, तोंडाला फडकं. "तुझ्यापरीस गणपती दणकट हाय," तात्या म्हणायचे.

रोह्याजवळच्या अष्टमी गावचे हमीदभाई गल्फला कामाला होते. त्यांनी सुट्टीवर आल्यावर सांगितलं की विमानतळावर लोडर पाहिजेत, पण मालावरचं इंग्रजी वाचता आलं पाहिजे. मी घाबरून नाही म्हणालो. दादाने त्यांच्यासमोर मला पोस्टरपुढे बसवलं आणि यादी हातात दिली. मी घडाघडा वाचली. हमीदभाई हसायला लागले. म्हणाले, "अरे, ह्याला विमानाचंच इंग्लिश येतं. दुसरं लागतंय कशाला?" निघताना दादा मला वडखळ नाक्यापर्यंत सोडायला आला. तिथून पुढे गल्फला निघालेल्यांना घेऊन जाणारी गाडी होती. तो म्हणाला, "तू आधी पोचलास बघ विमानापाशी." त्यात टोचणी नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

त्याच्या कंपनीची विमानं आमच्या शेडला यायची. नशिबाचा कारभार बघा. त्यामुळे रोज शिफ्ट सुटल्यावर त्याचा मेसेज असायचा, "आज कुठलं आलं?" मी लिहायचो, जुनं. कधी लिहायचो, नवं. त्याला जुन्याचाही आनंद व्हायचा आणि नव्याचाही. जुनं आलं म्हणजे तो शिकला ते अजून जिवंत आहे, नवं आलं म्हणजे रांग पुढे सरकली. मी दोन्ही उत्तरं भीतभीतच पाठवायचो, कारण त्यातून तो काय काढेल ते मला कळायचं नाही. हळूहळू जुनी दिसेनाशी झाली. एक दिवस शेवटचं आलं. त्याच्यासाठी लागणाऱ्या जाळ्या आणि पट्टे आमच्या सुपरवायझरने बाजूला काढून भंगारात घालायला सांगितले, तेव्हा मला समजलं. मी दादाला लिहिलं. त्याने अंगठा पाठवला. त्यानंतर "आज कुठलं आलं" बंद झालं.

यंदा पाऊस लागण्याच्या सुमाराला मावशीचा व्हिडिओ कॉल आला. इतकी खुशीत मी तिला कित्येक दिवसांत बघितली नव्हती. "सुनील, दादा आखणीला बसला हो," म्हणाली आणि फोन फिरवला. दादा वरच्या फळीसमोर स्टुलावर बसलेला, हातात तोच ब्रश. वरच्या फळीवर नेहमी मोठ्या मूर्ती असतात, मानाच्या. दोन-तीन गणपतींचे डोळे झाले होते आणि ते इतक्या लांबून, फोनमधूनही, माझ्याकडेच बघत होते. मावशीला वाटलं पोरगा मार्गी लागला. मला तसं वाटलं नाही. मी विचारलं, "दादा, आणि फोन आला तर?"

"आला तर फळी संपवून जाईन." त्याने तेवढा एक डोळा पुरा केला. मग म्हणाला, "जुनी सगळी गेली ना रे?"

"हो."

"नवी आता रोज येत असतील."

"येतात."

"मंग भरली त्यांची माणसं." असं म्हणून त्याने मावशीला फोन बाजूला घ्यायला सांगितलं, बोलताना हात हलतो म्हणून.

मेडिकलची तारीख त्याच महिन्यात होती, ती त्याने जाऊ दिली, हे मला नंतर कळलं. शेडमध्ये पाणी शिरलं तेव्हा तो सगळ्यांसारखाच अनवाणी उतरला आणि खालच्या फळीवरच्या मूर्ती वर काढल्या. मग ताप आला. मावशी डॉक्टरकडे चल म्हणत होती आणि तो म्हणत होता, फळी होऊ दे. तिला खोटं वाटलं नाही, कारण त्या घरात ते कारण खरंच धरतात. अर्धी फळी टाकून कुणी उठत नाही. तात्यांनीही उठवलं नाही. गोळी घ्यायचा आणि बसायचा. त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा कुठे घरच्यांनी त्याच्या हातून ब्रश काढून घेतला.

आम्ही सगळे म्हणायचो की वाट बघून बघून पोरगं झिजलं, एकदाचं सोडून देईल तर सुटेल. मी पण म्हणायचो. आता इथे बर्थवर पडलो की मनात येतं, वाट बघत होता तोवर त्याने स्वतःला एक ओरखडा उठू दिला नव्हता... हे मावशीला कधी बोलणार नाही. तुम्ही कुणी तिला ओळखत असाल तर तुम्हीही बोलू नका.

दिवसकार्य झाल्यावर मावशीने मला फोन करून एक काम सांगितलं. कंपनीला कळवायला हवं, म्हणाली. मी म्हटलं, मावशी, त्यांना काय पडलंय? ती म्हणाली, "त्यांना नसंल रे. पण त्याचं नाव रांगेत असंल ना अजून? त्याच्या मागं कुणाचा तरी पोरगा असंल. त्याचा तरी नंबर लागू दे." मी शिफ्टनंतर बसून इंग्रजीत मेल लिहिला. दादाने शिकवलेले शब्द सगळे विमान चालवायचे होते, हे लिहायला त्यातले फारसे उपयोगी पडले नाहीत. तरी लिहिला. उत्तर लगेच आलं, मशीनचं. तुमचं नाव आमच्या यादीत आहे, योग्य वेळी संपर्क करू, धीर धरल्याबद्दल आभार. मावशीला मी सांगितलं की त्यांनी कळवलंय, पोचलं म्हणून. पोचलं एवढं तर खरं होतं.

गेल्या आठवड्यात तात्यांना व्हिडिओ कॉल केला. गणपती तोंडावर आलेत, काहीतरी बोलायचं म्हणून मी कामाचं विचारलं. त्यांनी फोन शेडमध्ये फिरवला. खालच्या फळ्या भरलेल्या, त्यांच्याच हाताने आखलेल्या, काही आधीच खोक्यांत. वरच्या फळीवर सगळ्या मूर्तींना वर्तमानपत्रं गुंडाळलेली. डोळे झालेल्यांनाही आणि न झालेल्यांनाही. गावातला एक चांगला आखणारा स्वतः येऊन म्हणाला होता, तात्या, मी पुऱ्या करून देतो, गिऱ्हाइकं खोळंबलीत. तात्यांनी गिऱ्हाइकांना दुसऱ्या कारखान्यातून मूर्ती घेऊन दिल्या, पण त्याला हात लावू दिला नाही. फळीच्या कडेला पेल्यात तो ब्रश उभा होता. टोक ओलं दिसत होतं, म्हणजे कुणीतरी धुतला होता.

मी मनात खालच्या फळ्या मोजत होतो आणि सवयीने नजर वर गेली. तात्यांनी ते बघितलं असावं.

"ती वरची फळी धरू नको यंदा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बरं तात्या, नाय धरत."